गल्ल्यातली रोकड कोणाची?

वाचकाचं पत्र

प्रिय काकू,
मी ३१ वर्षांची. मिहानमधल्या एका आयटी कंपनीत काम करते, राहते मनीषनगरला. बाबा गेल्या वर्षी वेकोलि या कोळसा कंपनीतून निवृत्त झाले. त्यांच्या मिळालेल्या पैशातले पाच लाख शेअरमध्ये घालायचे असं घरात ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. मावसभाऊ म्हणतो, डेल्टा कॉर्प घे, गोव्यात जहाजांवर कॅसिनो चालवते ती कंपनी. कॅसिनो म्हणजे रोखीचा धंदा, उधारीची भानगड नाही. मोपा विमानतळ झालाच आहे, उद्या शक्तिपीठ महामार्ग झाला की नागपूरची गर्दीही गोव्याकडेच वळणार. 'नफा कागदावरचा असते, तू फक्त कॅश फ्लो पाय,' असं त्याचं म्हणणं. मी सात वर्षांचे वार्षिक अहवाल उतरवून घेतले, एक्सेलमध्ये आलेख काढला. तुलनेसाठी अमेरिकेच्या लास वेगास सँड्स या कॅसिनो कंपनीचाही काढला. दोन्ही रेषा इतक्या वरखाली होतात की त्यातून काय समजायचं ते कळत नाही. त्यात आईला जुगाराचा पैसा घरात नकोच आहे. मी नेमकं काय बघू?
– एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर

तू अहवाल स्वतः उघडलेस, हे वाचून फार बरं वाटलं. माझी बँकेतली बरीचशी वर्षं कर्ज मंजुरीच्या टेबलावर गेली, आणि तिथे मोठमोठ्या पदावरची माणसंही नफ्याचा आकडा पाहून फाइल मिटवताना मी पाहिली आहेत. एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. सेबीकडे नोंदणी असलेली सल्लागार मी नाही, त्यामुळे हा शेअर घे किंवा घेऊ नको असं सांगणार नाही. रोकड कशी वाचायची ते सांगते. बाबांच्या पाच लाखांबद्दल मात्र शेवटी बोलेनच.

मावसभावाचं पहिलं वाक्य खरं आहे. इतवारीतल्या ठोक व्यापाऱ्याचा माल आज गेला तरी पैसा यायला दोन-तीन महिने लागतात. सावजीच्या खानावळीत माणूस जेवून उठला की पैसे गल्ल्यात. कॅसिनो त्याच्याही पुढचा: आधी पैसे, मग चिप्स (पैशाऐवजी टेबलावर लावायच्या चकत्या), मग खेळ. शिवाय जहाजं, हॉटेलं, यंत्रं यांचा घसारा, म्हणजे झिजेपोटी हिशेबात धरलेला खर्च, मोठा असतो. तो नफ्यातून वजा होतो, पण त्यासाठी त्या वर्षी रोकड बाहेर जात नाही. म्हणून सुदृढ कॅसिनो कंपनीत कामकाजातून येणारी रोकड निव्वळ नफ्यापेक्षा जास्त असायला हवी. सातांपैकी एखाद्या वर्षी उलटं दिसलं तर कारण शोध. तीन-चार वर्षं उलटं दिसलं तर थांब.

त्यातही एक पाणी मुरण्याची जागा असते. ग्राहकांनी घेतलेल्या पण अजून न वटवलेल्या चिप्स आणि त्यांनी जमा ठेवलेले पैसे ही कंपनीची देणी असतात, पण ती रोकड गल्ल्यात आलेली असते. ३१ मार्चला ही देणी फुगलेली असली तर त्या वर्षीची रोकड छान दिसते. मी स्वतः यात एकदा फसले आहे. वर्धा रोडवरच्या एका हॉटेलचं कर्ज प्रकरण होतं. मार्चअखेर रोकड इतकी भरघोस की मी शेरा फार खुशीत लिहिला. नंतर लक्षात आलं, ते सगळे एप्रिल-मेच्या लग्नांचे हॉलचे आगाऊ पैसे होते, म्हणजे अजून न वाढलेल्या पंगतींचे. तेव्हापासून रोकड प्रवाहाच्या पत्रकात 'खेळत्या भांडवलातील बदल' (रोजच्या येण्या-देण्यातली वाढ-घट) या ओळी मी आधी वाचते. तूही त्या वेगळ्या काढ आणि त्या बदलाआधीचा आकडा दुसऱ्या रेषेत मांड. तुझ्या आलेखातले निम्मे खड्डे आणि उंचवटे तिथेच ओळखू येतील.

आता 'तू फक्त कॅश फ्लो पाय' याबद्दल. गल्ल्यात रोकड येते हे मान्य. पण ती कोणाची, हे त्या एका आकड्यात लिहिलेलं नसतं. कॅसिनोच्या गल्ल्यासमोर रांग असते. सर्वांत पुढे सरकार, मग जागा किंवा जहाज भाड्याने देणारा, मग कर्ज देणारा, मग जहाजाची डागडुजी. तू, म्हणजे भागधारक, रांगेच्या शेवटी. आणि रांगेतला पहिला जो आहे, तो आपला वाटा किती ते स्वतःच ठरवतो. कापसाच्या जिनिंगमध्ये किंवा औषधांच्या धंद्यात सरकार इतकं पुढे उभं नसतं. म्हणून कॅसिनोची सात वर्षांची एकच रेष ओढून कल पाहणं मला चुकीचं वाटतं. जिथे जिथे नियम बदलला तिथे ती रेष तोडायची आणि तुकडा तुकडा वेगळा वाचायचा.

तुझ्या सात वर्षांत ती कुठे तुटते ते पाहू.

पहिला तुकडा हिशेबाच्या नियमाचा आहे, धंद्याचा नाही. १ एप्रिल २०१९ पासून भाडेपट्ट्यांचा नवा हिशेब मानक, इंड एएस ११६, लागू झाला. रोकड पत्रकाचे तीन भाग असतात: कामकाज, गुंतवणूक आणि वित्तपुरवठा. या मानकाआधी भाडं पहिल्या भागातून, कामकाजाच्या रोकडीतून, वजा व्हायचं. आता बहुतेक भाडेपट्ट्यांची रक्कम तिसऱ्या भागात, वित्तपुरवठ्यात, 'भाडेपट्टा दायित्वाची परतफेड' म्हणून जाते. म्हणजे एक रुपयाही जास्त न कमावता पहिल्या भागाचा आकडा वर सरकतो. तू २०१८-१९ आणि २०१९-२० शेजारी शेजारी ठेवून वाढ मोजली असशील, तर ती आधी खोड.

दुसरा तुकडा कोविडचा. मार्च २०२० मध्ये गोव्यातले कॅसिनो बंद झाले, ते १ नोव्हेंबर २०२० ला निम्म्या क्षमतेने उघडले, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत पुन्हा काही महिने बंद राहिले. हे वर्ष सरासरीतून वगळायचा मोह होतो. मी म्हणेन, सरासरीतून वगळ पण वाचल्याशिवाय सोडू नकोस. गिऱ्हाईक शून्यावर आल्यावर पगार, जहाजाची देखभाल आणि परवाना यांत महिन्याला किती रोकड जळते, हे कुठलीही कंपनी एरवी सांगत नाही. ते या एका वर्षात उघडं पडलं आहे. परवान्याचा भार लहान नाही. गोवा सरकारने २०१८ मध्ये तरंगत्या कॅसिनोंचं वार्षिक शुल्क वाढवून जहाजाच्या क्षमतेप्रमाणे २५ ते ४० कोटी केलं होतं. गिऱ्हाईक येवो न येवो, हा खर्च डोक्यावर असतोच.

तिसरा तुकडा सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याची तारीख आपण नागपूरकर विसरूच शकत नाही. २२ सप्टेंबर २०२३, शुक्रवार. त्या रात्री अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी काठच्या वस्त्यांमध्ये शिरलं. त्याच संध्याकाळी डेल्टा कॉर्पने शेअर बाजाराला कळवलं होतं की जीएसटी खात्याने कंपनीकडे सुमारे ११,१३९ कोटी आणि तिच्या तीन उपकंपन्यांकडे सुमारे ५,६८२ कोटींची मागणी केली आहे. जुलै २०१७ ते मार्च २०२२ या काळासाठी. पुढच्याच महिन्यात ऑनलाइन खेळांच्या उपकंपनीवर आणखी ६,३८४ कोटींची नोटीस आली. आणि कंपनीची २०२२-२३ ची एकत्रित उलाढाल होती हजार कोटींच्या आसपास. सोमवारी बाजार उघडल्यावर शेअर आपटला. तोवरच्या रोकड पत्रकांत याची एक ओळही नव्हती, कारण जी रोकड अजून बाहेर गेलेली नाही ती त्या पत्रकात दिसतच नाही.

वाद काय होता ते समजून घे, नाहीतर पुढचे आकडे लागणार नाहीत. कंपन्या खेळातून स्वतःकडे उरलेल्या निव्वळ रकमेवर कर भरत होत्या. खात्याचं म्हणणं, लावल्या गेलेल्या संपूर्ण रकमेवर कर हवा. एकच हजार रुपये माणूस रात्रभर फिरवत राहतो, जिंकतो, पुन्हा लावतो. लावलेल्या प्रत्येक डावाची बेरीज केली तर ती गल्ल्यात उरलेल्या पैशाच्या कैक पट होते. म्हणून मागणीचा आकडा इतका अवाढव्य. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गेमिंग कंपन्यांवरच्या अशा नोटिसांच्या पुढच्या कारवाईला स्थगिती दिली. स्थगिती म्हणजे मागणी रद्द होणं नव्हे. ताज्या अहवालात 'संभाव्य देणी' या नावाची टीप असते, ती पेन घेऊन वाच. लेखापरीक्षकाने आपल्या अहवालात त्याबद्दल काय लिहिलं आहे तेही. आणि हे सगळं एकत्रित अहवालात बघ, कारण नोटिसा मूळ कंपनीपुरत्या नाहीत, उपकंपन्यांवरही आहेत.

पुढचं तर आणखी ताजं. १ ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोत चिप्सच्या पूर्ण दर्शनी किमतीवर २८ टक्के कर लागू झाला. जिंकलेले पैसे पुन्हा लावले तर त्यावर वेगळा नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून तोच दर ४० टक्के झाला. हिशेब करून पाहा. १,४०० रुपये घेऊन आलेल्या माणसाला २८ टक्क्यांत सुमारे १,०९४ रुपयांच्या चिप्स मिळायच्या, आता १,००० च्या. तो कमी खेळेल, किंवा कंपनी जेवण, मुक्काम, जादा चिप्स देऊन ती कसर भरून काढेल. दोन्हीत रोकड घटते, फक्त वेगवेगळ्या ओळीत. त्याआधी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, म्हणजे अड्डा५२ सारख्या ऑनलाइन पत्त्यांच्या धंद्यातून येणारी जुनी रोकड भविष्याच्या अंदाजात धरता येणार नाही. म्हणून माझ्या दृष्टीने तुझ्या आलेखाचा खरा उपयोगी भाग सप्टेंबर २०२५ नंतरच्या तिमाह्यांचा आहे. तो अजून लहान आहे. पाच वर्षांचा कल त्यातून निघणार नाही, हे मान्य करूनच पुढे जायचं.

सँड्सशी तुलना करण्याचा विचार चांगला होता, पण दोन अडचणी आहेत. आपल्या मानकांप्रमाणे कंपनीने भरलेलं व्याज वित्तपुरवठ्याच्या भागात जातं. अमेरिकेत ते कामकाजाच्या रोकडीतूनच वजा होतं. तिथे भाड्याचाही बराच भाग कामकाजातच राहतो. त्यामुळे आपल्या कंपनीच्या आकड्यातून व्याज आणि भाडेपट्टा स्वतः वजा केल्याशिवाय शेजारी ठेवू नकोस. दुसरं असं की, नाव लास वेगासचं असलं तरी २०२२ मध्ये व्हेनिशियन हे तिथलं कॅसिनो-हॉटेल ६२५ कोटी डॉलरला विकल्यापासून त्यांचा तिथे एकही कॅसिनो नाही. २०२२ नंतरचा तुझा आलेख चीनमधल्या मकावचा आणि सिंगापूरचा आहे. विक्रीचे ते पैसे गुंतवणुकीच्या भागात दिसतील, त्यांना कमाई समजू नकोस.

पण मकावचे आकडे मला मुद्दाम तुला दाखवायचे आहेत. तिथल्या सर्व कॅसिनोंचं मिळून उत्पन्न २०१३ मध्ये सुमारे ३६,००० कोटी पटाका (मकावचं चलन) होतं. चीन सरकारने भ्रष्टाचाराविरुद्ध मोहीम उघडली, बडे खेळाडू गायब झाले, आणि २०१५ मध्ये तेच सुमारे २३,००० कोटींवर आलं. कोविडच्या निर्बंधांत, २०२२ मध्ये, जेमतेम ४,२०० कोटी. खेळ तेच, टेबलं तीच, जुगाराची हौसही तीच. फरक पडला तो सरकारच्या धोरणाने. सँड्सने २०२० मध्ये थांबवलेला लाभांश २०२३ मध्ये कुठे पुन्हा सुरू केला. लाभांशावर घर चालवायचं ठरवलेल्या एखाद्या निवृत्त माणसाने ती तीन वर्षं कशी काढली असतील, याचा विचार कर.

कर्जाचं एकच उदाहरण देते. अमेरिकेतली सीझर्स ही जुनी, नावाजलेली कॅसिनो कंपनी. २००८ मध्ये ती प्रचंड कर्ज काढून विकत घेतली गेली. टेबलांवर रोकड येत होती, तरी तिच्या सर्वांत मोठ्या उपकंपनीने जानेवारी २०१५ मध्ये, सुमारे १,८०० कोटी डॉलरचं कर्ज डोक्यावर असताना, दिवाळखोरीचा अर्ज केला. रांगेतला कर्जदाता भागधारकाच्या किती पुढे उभा असतो, ते तिथे दिसलं.

नशिबाचाही वाटा असतो, पण तो लोकांना वाटतो त्यापेक्षा लहान. रूलेट या फिरत्या चाकाच्या खेळात चाकावर दोन शून्यं असली तर कॅसिनोचा हिशेबी वाटा ५.२६ टक्के, एका शून्याच्या चाकात २.७०. लाखो डावांत आकडा तिथेच येतो. मोठे खेळाडू थोडे आणि डाव मोठे असले की मात्र एखाद्या तिमाहीत तो बराच सरकतो. म्हणून एका झकास तिमाहीने हुरळू नकोस, आणि तिमाहीची तुलना मागच्या तिमाहीशी न करता मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी कर. गोव्याचा डिसेंबर आणि गोव्याचा जुलै यांची बरोबरी होत नाही.

गुंतवणुकीच्या भागात दोन खर्च मिसळलेले असतात: आहे ते टिकवण्याचा आणि नवं उभारण्याचा. जहाज गोदीत नेऊन दुरुस्त करणं, खोल्या नव्याने सजवणं हे टाळता येत नाही. कंपनी त्याची फोड करून देत नसेल तर वर्षाचा घसारा हा टिकवण्याचा ढोबळ खर्च धर. नव्यात, मोपाजवळ धारगळला मोठा रिसॉर्ट उभारायचा कंपनीचा मनसुबा बरीच वर्षं चर्चेत आहे. तो पुढे सरकला तर रोकड बाहेर जाणं आधी सुरू होईल, आत येणं कितीतरी नंतर. मावसभावाच्या विमानतळाचं आणि महामार्गाचंही तेच. शक्तिपीठ झाला तर पवनारहून पत्रादेवीपर्यंत गाड्या धावतील, पण पर्यटकांची संख्या म्हणजे भागधारकाची रोकड नाही. मधल्या रांगेतून ती जावी लागते. आणि जहाजांना मांडवीत उभं राहण्याची परवानगी सरकारने वारंवार तात्पुरती मुदतवाढ देत चालवली आहे, हेही विसरू नकोस. महाराष्ट्रात कधीतरी कॅसिनो येतील म्हणून असे शेअर धरून बसलेली माणसं मला भेटली आहेत. १९७६ चा आपला कॅसिनो कायदा कधी अंमलातच आला नाही, आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं.

म्हणून प्रत्येक वर्षासाठी एकच आकडा काढ: कामकाजाची रोकड, त्यातून खेळत्या भांडवलाचा बदल काढून टाकलेला, मग भाडेपट्टा वजा, व्याज वजा, टिकवण्याचा खर्च वजा. वादग्रस्त करापोटी निषेध नोंदवून काही रक्कम भरली असेल तर ती बहुधा खर्चात न दिसता 'इतर मालमत्ता' म्हणून ताळेबंदात दिसते, तीही वजा कर. बँकेतली शिल्लक पाहताना लक्षात ठेव, खिडकीवर चिप्स वटवायला काही रोकड कायम हाताशी ठेवावीच लागते. ती वाटता येत नाही.

आईच्या म्हणण्याला मी बाजूला सारणार नाही. तिला जे वाटतं ते भावनेचं आहे म्हणून आकड्यांच्या बाहेर आहे, असं समजू नकोस. कॅसिनोची रोकड हरलेल्या माणसांच्या खिशातून येते, आणि त्यातल्या काहींच्या घरी तुझ्या आईसारखीच कोणीतरी वाट पाहत असते. असं वाटणाऱ्या लोकांच्या दबावातूनच नियम बदलतात. फेब्रुवारी २०२० पासून गोव्याने आपल्याच रहिवाशांना कॅसिनोत खेळायला बंदी केली, ती याच काळजीतून. तुझ्या आईचं मत हे या धंद्याच्या जोखमीचं एक मोजमाप आहे, आणि घर तिचंही आहे. तिच्याशी बोलल्याशिवाय हा शेअर घरात आणू नकोस.

आता बाबांचे पैसे. निवृत्तीनंतरची रक्कम पुन्हा कमावता येत नाही. ज्या कंपनीवर उलाढालीच्या कित्येक पट मागणी न्यायालयात लटकलेली आहे, तिच्यात ती घालावी असं मला वाटत नाही; निकाल कंपनीच्या बाजूने लागला तरी आज मी हेच म्हणेन. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, तिथली त्यांची मर्यादा भरली आहे का ते आधी विचार. तुला हा धंदा समजून घ्यायची ओढ असेल तर स्वतःच्या पगारातून, पूर्ण गेले तरी घरात कोणाच्या ताटावर परिणाम होणार नाही इतकेच पैसे लाव. तेही सप्टेंबर २०२५ नंतरचा निदान एक पूर्ण वर्षाचा अहवाल हातात आल्यावर.

तोपर्यंत वर सांगितलेला तक्ता तयार कर. प्रत्येक आकड्यासमोर अहवालाचं वर्ष आणि टिपेचा क्रमांक लिही, म्हणजे मला पडताळता येईल. जी ओळ सापडत नाही ती रिकामी ठेव, अंदाजाने भरू नकोस, आणि मला पाठव.